खात्रीकाकांची कंबर

खात्रीकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. त्यांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान म्हणजे भिंतीतलं कपाटच. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं. नवी किल्ली घासून झाली की काका ती कुलपात घालणार, फिरवणार, काढणार, पुन्हा घालणार. मग कुलूप लावून जोरात खाली ओढणार आणि म्हणणार, "खात्री केलेली बरी." गिऱ्हाईक ताटकळतंय आणि काका चौथ्यांदा कुलूप ओढताहेत, हे सगळ्या बाजारानं पाहिलेलं. नाव पडलं ते असं.

धंद्याचा गुण अंगात मुरतोच. काकांच्या मते जगात माणसं दोन प्रकारची, कुलूप लावणारी आणि उघडू पाहणारी. त्यातही पहिल्या प्रकारातला माणूस संधी मिळेपर्यंतच पहिल्या प्रकारात असतो. दूधवाला उशिरा आला तर काका रागावत; लवकर आला तर विचारात पडत. मागच्या फाटकाला ते रोज संध्याकाळी एक काळा दोरा बांधत. सकाळी दोरा तुटलेला दिसला की शेजारी आत येऊन गेला असं समजायचं. शेजारी कधी आला नाही. पोस्टमन मात्र एकदा त्यात पाय अडकून पडला आणि तेव्हापासून पत्रं फाटकावरून आत फेकू लागला.

अशा माणसाबरोबर काकूंनी संसार केला आणि हसतमुखानं केला. दर रविवारी दोघं चर्चला जात. तिसरा बाक ठरलेला. काकू आतल्या बाजूला, काका कडेला, कारण कडेवरून दार दिसतं. काका चष्मा घरीच ठेवत. चष्मा काढून बाकावर ठेवला की लोक तो घालून बघतात, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे गीतांचं पुस्तक काकूच धरायच्या, निम्मं स्वतःपुढे, निम्मं काकांच्या नाकाखाली. आणि काका गाता गाता मध्येच कुजबुजायचे, "बेकरीवाल्याचा आवाज आज जास्तच चढलाय. काहीतरी लपवतोय तो."

"गप्प बसा आणि गा," काकू ओठ न हलवता म्हणायच्या. हे त्यांना इतक्या वर्षांत छान जमायला लागलं होतं.

मग एका रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, की शेजाऱ्यावर विश्वास ठेवायला शिका. आणि म्हणताना त्यांनी तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. निदान काकांना तसं वाटलं, आणि काकांना वाटलं की ते झालंच.

बाहेर पडताच त्यांनी काकूंचा दंड धरला. "तू सांगितलंस ना त्यांना?"

"काय सांगितलं?"

"दोऱ्याचं."

"अहो, त्या दोऱ्यात पोस्टमन आडवा झाला होता. भर रस्त्यात ओरडत होता. आता मी वेगळं काय सांगणार?"

पुढच्या रविवारी काकांना सर्दी झाली. खरी झाली. त्याच्या पुढच्या रविवारी सर्दी गेली होती, पण काका काही अंथरुणातून गेले नाहीत.

रविवारची सकाळ घरात कशी असते, हे त्यांना या वयात नव्यानं कळलं. खिडकीतून ऊन येतं ते आधी पायांवर येतं. मग हळूहळू गुडघ्यांपर्यंत सरकतं, कुणीतरी पांघरूण घालावं तसं. रेडिओवर कधीच्या काळची गाणी लागतात. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायला कुणी घाई करत नाही. कुणाची किल्ली तुटत नाही, कुणाचं कपाट अडत नाही. चर्चची पहिली घंटा झाली की काकांचे पाय चादरीतून बाहेर येत. दुसरी घंटा झाली की ते आपोआप आत जात.

काकू सोडत नव्हत्या. चादर ओढायच्या, खिडकी सताड उघडायच्या, बूट आणून उशीजवळ ठेवायच्या.

"उठा. मंडळी विचारतात तुम्हाला."

"कोण विचारतं? एकाचं नाव सांग."

"सगळे विचारतात."

"सगळे म्हणजे कुणीच नाही," असं म्हणून काका कूस बदलायचे. खरं तर हे भांडणही त्या सकाळच्या सुखातलंच एक होतं. कुणीतरी ओढतंय आणि आपण जात नाही, यात मजा असते. ओढणारंच नसेल तर नुसतं पडून राहण्यात काय आहे?

आणि एका रविवारी ओढणारं कुणी आलं नाही.

काका डोळे मिटून वाट बघत होते. काकूंच्या बांगड्या वाजल्या, कपाट उघडलं, मिटलं. आता चादर ओढली जाणार म्हणून काकांनी ती पायाच्या अंगठ्यात धरून ठेवली. पण बाहेरचं दार अगदी हळू लागलं. त्या दाराला तेल काकांनीच घातलं होतं, त्यामुळे ते कधी लागलं तेही नीट कळलं नाही. ऊन गुडघ्यांपर्यंत आलं तरी काकांना मजा येईना. मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्याच्या पुढच्या रविवारी तर कहर झाला. काकूंनी निघण्याआधी चहा अंथरुणात आणून दिला आणि म्हणाल्या, "पडून राहा. कशाला उठताय?"

काकांनी चहाचा आधी वास घेतला. लग्न झाल्यापासून काकूंनी त्यांना 'पडून राहा' असं तापातसुद्धा म्हटलं नव्हतं.

"मी आज यावं म्हणतो," काकांनी खडा टाकून पाहिला.

केसांत पिन खोचणारा काकूंचा हात तिथेच थांबला. "आज? आज नको. आज गर्दी असते."

"चर्चमध्ये? गर्दी?"

"असते कधीकधी," काकू म्हणाल्या आणि पिन हातातच ठेवून बाहेर पडल्या.

काकांनी कपाळावर बोट टेकवलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग ते डोळ्यांत तेल घालून बघू लागले आणि बघावं तिथे पुरावे सापडू लागले. ब्रेड आणायला गेले तर बेकरीवाल्यानं काउंटरच्या आतून स्टूल आणलं. हा बेकरीवाला चर्चमध्ये त्यांच्या मागच्याच बाकावर बसतो आणि कुणाला बसायला सांगण्याची त्याची ख्याती नाही.

"बसा काका. वाकू नका. मी देतो पिशवीत घालून."

"मी कशाला वाकू?"

"तेच तर म्हणतो," बेकरीवाला गंभीरपणे म्हणाला. "अजिबात वाकू नका."

दोन गल्ल्या सोडून एक नर्सबाई राहतात. निवृत्त झाल्यात, पण बघणं निवृत्त झालेलं नाही. त्या दुकानात किल्ली करायला आल्या आणि काका पाठमोरे होऊन काम करत असताना त्यांच्याकडे टक लावून बघत राहिल्या. निघताना विचारलं, "रात्री झोप लागते ना नीट?" काकांनी नको म्हटलं तरी तेलाची बाटली ठेवून गेल्या. आणि खुद्द पाळकसाहेब रस्त्यात भेटले, तर 'येत का नाही' म्हणून विचारायचं सोडून त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. "आम्ही सगळे आहोत हं," असं म्हणाले. असं माणसाला दोनच वेळा सांगतात, एक म्हणजे घरात कुणी गेलं तर. दुसरी वेळ काकांना आठवेना, आणि आठवेना म्हणून जास्तच धास्ती वाटली.

काकांनी दुकानात बसून किल्ल्या घासता घासता सगळे दात जुळवून पाहिले. आपल्याला मोठा आजार झालाय आणि तो आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे? पण मग काकू गुणगुणत पोळ्या का लाटतात? की आपल्याविरुद्ध काही ठराव झालाय? एकेक कल्पना लागेना म्हणून बाजूला टाकत ते शेवटी त्या किल्लीपाशी आले जी त्यांना लागावी असं वाटत नव्हतं. काकूंना आपल्याशिवाय बरं वाटतं. कानाशी कुजबुज नाही, नाकाखाली पुस्तक धरायला नको. बाकाच्या कडेची ती जागा आता रिकामी राहिलेलीच त्यांना हवी आहे. किंवा रिकामी नसेलही.

हे मात्र बघायला हवं होतं. खात्री केल्याशिवाय काकांनी आयुष्यात काही सोडलं नव्हतं, आणि ही तर त्यांची बायको होती.

चर्चच्या मागे एक अडगळीची खोली आहे. मोडक्या खुर्च्या, फाटकी पुस्तकं, नाटकाचे जुने पडदे असलं सामान तिथे पडून असतं. तिला एक दार मागच्या अंगणातून आणि एक आत, प्रार्थनेच्या दालनात उघडणारं. चोर इथूनच शिरणार, असं काकांनी फार वर्षांपूर्वी भाकीत केलं होतं आणि कुणी न सांगता बंदोबस्तही केला होता. मागच्या दाराला असं कुलूप, की दार स्प्रिंगनं आपोआप मिटतं आणि आतून उघडायला काहीच नाही, नुसती सपाट पत्र्याची पाटी. आतल्या दाराला कडी, तीही दालनाच्या बाजूनं. म्हणजे चोर शिरला की शिरला, मग लोक येईपर्यंत बसून राहायचं. मंडळी त्याला 'काकांचा पिंजरा' म्हणत. इतक्या वर्षांत त्यात एक मांजरसुद्धा सापडलं नव्हतं, आणि त्यावरून बेकरीवाला काकांना दर नाताळला चिडवत असे.

मागच्या दाराची एक जादा किल्ली अर्थातच काकांकडे होती.

त्या रविवारी काकू बाहेर पडताच काका उठले, रविवारचे कपडे चढवले आणि आडगल्लीतून चर्चच्या मागे पोचले. दालनात पहिलं गीत सुरू झालं होतं. काकांनी किल्ली फिरवली, आत पाऊल टाकलं, आणि जुन्या पडद्यांच्या वासानं नाक चोळत असतानाच पाठीमागे खट् झालं.

तो आवाज त्यांनी कुठेही ओळखला असता. त्यांचंच काम होतं ते. चोख झालं होतं. किल्ली बाहेर कुलपात लटकत होती आणि कानशी, तारा, पकडी सगळं दुकानात. रविवारच्या कोटात कानस घेऊन कोण जातं?

"शाब्बास," काका स्वतःला म्हणाले. दुसरं म्हणणार तरी कुणाला?

मग ते आतल्या दारापाशी गेले. त्याला जुनं, बिनकामाचं किल्लीचं भोक होतं. जन्मभर काकांनी अशा भोकांत चाव्या घातल्या होत्या. डोळा आज पहिल्यांदा लावला.

तिसरा बाक समोरच होता. काकू आतल्या बाजूला उभ्या राहून गात होत्या. कडेची जागा रिकामी होती. काकांचा श्वास सुटला. पण त्यांनी लगेच पुन्हा डोळा लावला, कारण काहीतरी विचित्र दिसत होतं. काकूंनी पुस्तक स्वतःसमोर धरलेलंच नव्हतं. ते बाजूला, कडेकडे सरकवलेलं होतं, आणि स्वतः मान तिरकी करून त्या वाचत होत्या. पुस्तकाचं निम्मं पान रिकाम्या जागेवर हवेत तरंगत होतं, बरोबर एका माणसाच्या नाकाइतक्या उंचीवर.

काका बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण खालच्या पट्टीत गुणगुणतोय. ते गप्प झाले. दाराआड लपलेल्या माणसानं गाऊ नये, एवढं भान त्यांना होतं.

गीत संपलं, उपदेश झाला आणि पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "आज कुणासाठी प्रार्थना करायची?" या चर्चमध्ये लोक उठून आपापली गरज बोलून दाखवतात. बेकरीवाल्यानं बहिणीच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं सांगितलं. मग नर्सबाई उठल्या.

"आणि आपल्या खात्रीकाकांच्या कंबरेसाठी."

आत काकांचा हात स्वतःच्या कंबरेवर गेला. कंबर होती तिथे होती, ठणठणीत.

"कसे आहेत ते आता?" पाळकसाहेबांनी काकूंना विचारलं.

काकू उठल्या. काकांना त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ काही खुशीत दिसत नव्हती. "तसंच आहे," त्या म्हणाल्या. "कंबर धरलीय ती धरलीच आहे. पडूनच असतात. उठवत नाही त्यांना."

सगळ्यांनी डोळे मिटले आणि पाळकसाहेब काकांच्या कण्याला, मणक्यांना आणि पायांतल्या बळाला एकेक करून देवाच्या हाती सोपवू लागले. काका अडगळीत ताठ उभे राहून ऐकत होते. स्टूल, तेल, खांद्यावरचा हात, सगळे दात एका किल्लीत बसले. काकूंनी कधीतरी लाजेकाजेस्तव खोटं सांगितलं होतं. मंडळींनी ते खरं धरून प्रार्थना सुरू केली होती. आणि आता धडधाकट नवरा चर्चमध्ये चालत आला असता तर काकू चारचौघांत खोट्या पडल्या असत्या. म्हणून 'पडून राहा'. म्हणून 'गर्दी असते'.

काकांचं डोकं तापलं. आपल्या घरात, आपल्या पाठीमागे, आपल्याच कंबरेबद्दल! ते तरातरा मागे वळले आणि मोडक्या खुर्च्यांच्या चळतीवर आदळले. चळत एकदा डुलली, आणि मग ऐन 'आमेन'च्या आधीच्या शांततेत सगळी खाली आली.

"चोर!" बेकरीवाला ओरडला. त्याच्या आवाजात भीतीपेक्षा आनंद जास्त होता. "पिंजऱ्यात सापडला! काकांच्या पिंजऱ्यात सापडला!"

बाक सरकले, पावलं धावली. कुणीतरी कडी ओढू लागलं, पण कडी हलेना.

"वर उचलून ओढायची असते," काकूंचा आवाज आला. "सरका. यांच्या कड्या मला माहीत आहेत."

कडी उचलली गेली. दार उघडलं. काका आणि काकू समोरासमोर उभे राहिले.

काकूंच्या मागे सगळी मंडळी होती. बेकरीवाल्यानं झाडू उगारलेला होता. काका पायांत खुर्च्या घेऊन, पण खांबासारखे सरळ उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या सरळ पाठीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. काकू कुणापुढे मान खाली घालणाऱ्या नव्हेत. त्यांनी मान खाली घातली आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिल्या.

आजवर कुणाचं खोटं काकांच्या हाती लागलं आणि त्यांनी ते उलटंपालटं करून लोकांना दाखवलं नाही, असं झालं नव्हतं. वजनात मारणारा असो, उगाच आजारी पडणारा असो. आणि हे तर आयतंच हाती आलं होतं. तोंड उघडायचा अवकाश. पण त्यांना काकूंच्या डोक्यावरून तिसरा बाक दिसत होता. पुस्तक घाईत बाकावर उताणं टाकलेलं होतं. कडेच्या बाजूला.

काकांचा उजवा हात हळूहळू कंबरेकडे गेला.

"आई गं," ते म्हणाले आणि वाकले.

"अरेरे! धरा त्यांना!" नर्सबाई पुढे आल्या.

"काका, पण तुम्ही इथे कसे?" बेकरीवाल्याचा झाडू अजून वरच होता.

"पुढच्या पायऱ्या चढवेनात," काका दारालाच टेकत म्हणाले. "मागे पायऱ्या नाहीत. म्हटलं, कुणाला त्रास नको, इथूनच ऐकावं. तर दार लागलं. कुलूप चांगलं आहे."

मग पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "पाहा," ते मंडळींकडे वळून म्हणाले, "आपण पाऊस आला तर येत नाही. पाहुणे आले तर येत नाही. आणि हा माणूस या अवस्थेत अडगळीत उभा राहून ऐकतो."

काकांनी विव्हळून तो विषय थांबवायचा प्रयत्न केला, पण त्यानं तो वाढलाच. शेवटी त्यांना दोन बाजूंनी धरून तिसऱ्या बाकावर नेलं आणि पाठीशी कुणाच्या तरी कोटाची घडी ठेवली. शेवटचं गीत सुरू झालं. काकूंनी पुस्तक उचललं, त्यांच्या नाकाखाली धरलं आणि ओठ न हलवता विचारलं, "किती वेळ होतात आत?"

"सुरुवातीपासून."

पुस्तक किंचित खाली घसरलं. काकांनी त्याची दुसरी कड धरली.

घरी बेकरीवाल्याच्या गाडीतून जावं लागलं, कारण कंबर धरलेल्या माणसाला चालवत नेत नाहीत. दार लावून घेतल्यावर काका सरळ झाले आणि काकू खुर्चीत बसल्या.

"पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी काय सांगणार होते?" काकू म्हणाल्या. "की नवरा गादीत लोळतोय आणि पाळकसाहेब आपल्यावर नजर ठेवतात असं म्हणतोय? कंबर म्हटलं, सुटले. मला वाटलं, एका रविवारचा प्रश्न आहे. लोक प्रार्थनाच करायला लागले, मी काय करू?"

"देवासमोर खोटं बोललीस."

"देवाला माहीत होतं. मी तोंडानं कंबर म्हणायचे, मनात डोकं म्हणायचे."

काकांनी कोट काढून खुंटीला लावला. "म्हणजे प्रार्थना चुकीच्या जागी पोचली असं तुला वाटतं?"

"अजून कळायचं आहे," काकू म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

पुढच्या रविवारी काकूंना जाग आली तर काका बूट घालून पलंगाच्या कडेला बसलेले.

"एवढ्या लवकर?"

"मग? कंबर काही एकदम बरी होऊन चालणार नाही," काका म्हणाले. "लोक संशय घेतील. आज दोघांनी धरून, मग पुढे तुझ्या एकटीच्या आधारानं, मग काठी, मग नुसता हात. मध्ये एक रविवार चुकला तर हिशेब बिघडतो. आणि ती नर्सबाई बघत असते."

"ऊन छान आलंय. पडायचं नाही का थोडं?"

काकांनी खिडकीकडे पाहिलं. ऊन पलंगाच्या पायथ्याशी येऊन थांबलं होतं, ओळखीच्या माणसासारखं. त्यांनी एक उसासा टाकला आणि हात कंबरेवर ठेवला.

कंबर बरी व्हायला अख्खा हिवाळा लागला. मधल्या काळात काका इतके नियमित झाले की पाळकसाहेब इतरांना त्यांचं उदाहरण देऊ लागले. बेकरीवाल्याचं स्टूल कायमचं बाहेर आलं. आणि एका रविवारी चर्चच्या पायऱ्या चढताना नर्सबाई त्यांच्या बाजूला आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "काका, मागच्या रविवारी डाव्या बाजूला कळ येत होती."

काकांचा हात उजव्या बाजूवर होता. तो तिथेच थिजला.

"असू दे," नर्सबाई म्हणाल्या. "आता कुठे बदलताय? या मात्र." आणि आत निघून गेल्या.

काका तिसऱ्या बाकावर येऊन बसले ते घामाघूम होऊन. नर्सबाईंना केव्हापासून माहीत होतं? बेकरीवाला एवढा गोड का हसला? पाळकसाहेबांनी त्या दिवशी चष्मा पुसला, तो डोळे पाणावले म्हणून की हसू लपवायला? गीत सुरू झालं. काकूंनी पुस्तक पुढे केलं.

"ऐक," काका कुजबुजले. "या सगळ्यांना पहिल्यापासून माहीत आहे. सगळ्यांनी मिळून मला फसवून इथे आणलंय."

"गप्प बसा आणि गा," काकू म्हणाल्या.

काकांनी पुस्तकाची कड घट्ट धरली, एकदा मागे वळून बेकरीवाल्याकडे रोखून पाहिलं, आणि गाऊ लागले.